यंत्रमानव, काम आणि माणसाची किंमत



बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक प्रश्न विचारला जातो: मुलाला किंवा मुलीला आता कोणत्या लाइनला घालायचे? प्रश्न जुनाच आहे, पण अलीकडे त्याला एक नवी काळजी जोडली गेली आहे. एवढी फी भरून, तीन-चार वर्षे घालवून मूल जे शिकेल, ते काम तोवर यंत्रच करू लागले तर? पूर्वी ही भीती कारखान्यात हाताने काम करणाऱ्याला होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि तेव्हापासून ती टेबलाशी बसून काम करणाऱ्यालाही वाटू लागली आहे. पत्र लिहिणे, भाषांतर करणे, हिशेब तपासणे, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर देणे, संगणकाचा प्रोग्राम लिहिणे ही कामे यंत्र काही क्षणांत करून दाखवते.

कोणती नोकरी टिकेल आणि कोणती जाईल, हे सांगणे आम्हां धर्मगुरूंचे काम नाही. त्याबाबतीत तज्ज्ञांचेही अंदाज अनेकदा चुकले आहेत. परंतु या काळजीच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. माझे काम यंत्र माझ्यापेक्षा लवकर आणि स्वस्तात करत असेल, तर माझी गरज काय? माझी किंमत काय? हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाही. माणूस म्हणजे काय, असाच तो प्रश्न आहे. म्हणून या रविवारी आपण त्याचा थोडा शांतपणे विचार करू या.

ओझे उचलणारे यंत्र

‘रोबो’ हा शब्द कोठून आला, हे जाणून घेण्यासारखे आहे. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगभर गेला. शब्द सुचवला तो त्यांचे भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार. माणसाला जी वेठ नकोशी वाटते ती ज्याच्यावर लादता येईल, तो रोबो. इस्राएली लोक मिसर देशात विटा पाडत होते ती वेठच होती आणि त्यांचा आक्रोश परमेश्वराने ऐकला, असे निर्गमाचे पुस्तक आपल्याला सांगते. तेव्हा माणसाच्या पाठीवरची वेठ कमी होणे यात देवाच्या इच्छेविरुद्ध काही नाही.

कारखान्यातला पहिला यंत्रमानव १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून ठेवणे हे त्याचे काम होते. ज्या कामात माणसाचे हात भाजत, ते काम त्याच्याकडे गेले. आपल्या वसईच्या वाड्यांतही असेच झाले आहे. विहिरीवरच्या रहाटाला जुंपलेल्या बैलामागे किंवा रेड्यामागे ज्यांनी पहाटेपासून फेऱ्या मारल्या, ते वृद्ध आजही आपल्यात आहेत. विजेचा पंप आला आणि रहाट गेला. त्या फेऱ्यांतून सुटलेली मुले शाळेत जाऊ शकली. रहाटाची आठवण आपण प्रेमाने काढतो, पण आपल्या नातवाला कोणी त्यामागे पाठवणार नाही.

याहून गंभीर उदाहरण केरळमधले आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोझिकोड शहरात भूमिगत गटारात उतरलेले दोन कामगार गुदमरले. त्यांना वाचवण्यासाठी एक रिक्षाचालक खाली उतरला आणि तोही दगावला. माणसाकडून मैला साफ करून घेण्याविरुद्ध आपल्या देशात १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला, तरीही गटारांतले मृत्यू थांबलेले नाहीत. २०१८ साली त्याच राज्यात, तिरुवनंतपुरम येथे, काही तरुण अभियंत्यांनी तयार केलेला गटार साफ करणारा यंत्रमानव कामाला लावण्यात आला. विशेष म्हणजे जे कामगार पूर्वी गटारात उतरत, त्यांनाच ते यंत्र चालवण्याचे शिक्षण देण्यात आले. अशा ठिकाणी यंत्राने माणसाची जागा घेतली म्हणून कोण रडेल? उलट एवढा उशीर का झाला, असेच विचारावे लागेल.

भाकर हिरावून घेणारे यंत्र

पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवी. यंत्र ओझे उचलते तेव्हा त्या ओझ्यावर ज्याचे घर चालत होते त्याचे काय होते?

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. हे कोणा यंत्रमानवाने केले नव्हते. मालकांनी जुनी यंत्रे बदलली नव्हती, कापडाचे काम भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले होते आणि गिरणीपेक्षा गिरणीची जमीन मोलाची ठरली होती. म्हणजे नवे यंत्र अडवून धरले की नोकरी वाचते, असेही नाही. हे सत्य आपण स्वीकारले पाहिजे.

तरी गिरण्या बंद झाल्यावर काय गेले, हे नीट पाहू या. पगार गेला, हे तर उघड आहे. काहींनी वॉचमनची नोकरी धरली, काहींनी भाजीची गाडी लावली, बरेच जण गावी परतले. पोट कसेबसे भरले. पण कालपर्यंत जो ‘साचेवाला’ म्हणून ओळखला जात होता, ज्याच्या हाताखाली चारजण शिकत होते, त्याला आता त्याच्या कसबासाठी कोणी विचारीत नव्हते. भाकरीबरोबर त्याचे चारचौघांतले स्थानही गेले. बेरोजगारीचे हे दुसरे दुःख आकडेवारीत दिसत नाही, घरात मात्र दिसते.

म्हणून ‘यंत्र चांगले की वाईट?’ असे विचारून फारसा उपयोग नाही. कोणतेही नवे यंत्र आले की तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांला वाटते. ते कोणाचे ओझे उचलते? कोणाची भाकर घेते? आणि त्यातून वाचलेला पैसा व वेळ कोणाला मिळतो?

काम हा शाप आहे का?

काम म्हणजे नेमके काय, याविषयी दोन टोकाची मते आढळतात. एक मत असे, की काम ही शिक्षा आहे. ते जितके टळेल तितके बरे. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात म्हटले आहे, की मागाचा धोटा आपोआप कापड विणू लागला तर धन्यांना गुलामांची गरज उरणार नाही. आज धोटा आपोआप चालतो. परंतु ॲरिस्टॉटलच्या विचारात कष्ट हा गुलामांचा वाटा होता आणि मोकळा वेळ धन्यांचा.

दुसरे मत असे, की काम हेच सर्वस्व. माणूस म्हणजे त्याची नोकरी. हे मत कोणी पुस्तकात वाचून शिकत नाही. नवा माणूस भेटला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘काय करता?’ आणि उत्तरावरून त्याला बसायला कोठे सांगायचे ते ठरते. पहाटे पाचपासून राबणारी गृहिणी ‘मी काही करत नाही, घरीच असते’ असे सांगते. निवृत्त माणूस ‘आता काही नाही’ म्हणतो. ज्याला पगार नाही ते काम नाही आणि ज्याला काम नाही तो कोणी नाही, अशी ही समजूत आहे. यंत्राची खरी भीती या समजुतीतूनच येते.

पवित्र शास्त्र या दोन्ही मतांना बाजूला सारते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर माणसाला एदेन बागेत ठेवतो, तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पाप घडते ते तिसऱ्या अध्यायात. काटेकुसळे आणि घाम त्यानंतर येतात. म्हणजे काम शापाच्या अगोदरचे आहे. शाप आला तो कामातल्या कष्टांवर. यंत्राने काटे काढावेत, पण बागेची राखण माणसाकडून काढून घेतली तर परमेश्वराने सोपवलेलीच गोष्ट हिरावल्यासारखे होईल. आणि नाझरेथकडे पाहा. ज्याच्याद्वारे सारी सृष्टी झाली, त्या प्रभू येशूने आयुष्यातील बहुतेक वर्षे सुताराच्या घरात काढली. त्याला रंधा हाती धरण्यात कमीपणा वाटला नाही. त्या वर्षांत त्याने किती वस्तू बनवल्या, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

औद्योगिक क्रांतीने युरोपातील कामगार भरडला जात असताना पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. कामगार ही विकत घ्यायची वस्तू नव्हे, त्याला कुटुंब चालवता येईल इतकी मजुरी मिळाली पाहिजे आणि संघटना करण्याचा त्याला हक्क आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी ‘चौदावे लिओ’ हे नाव घेतले. निवडीनंतर दोनच दिवसांनी त्यांनी कार्डिनलांना त्याचे कारण सांगितले: तेव्हा औद्योगिक क्रांती होती, आज कृत्रिम बुद्धिमत्तेने तशीच नवी क्रांती आणली आहे आणि माणसाची प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांचे रक्षण हे आपल्यापुढील आव्हान आहे.

या दोन्ही लिओंच्या मध्ये संत पोप दुसरे जॉन पॉल उभे आहेत. तरुणपणी त्यांनी पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केले होते. १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात त्यांनी एक फरक समजावून सांगितला. कामाला दोन बाजू असतात. एक, काय तयार झाले. दुसरी, ते कोणी केले. कामाची प्रतिष्ठा प्रामुख्याने दुसऱ्या बाजूवर उभी आहे, कारण काम करणारा हा ‘कोणी’ आहे, ‘काहीतरी’ नाही. काम माणसासाठी आहे. माणूस कामासाठी नाही.

साधे उदाहरण घेऊ. पोळ्या करणारे यंत्र तासाला शेकडो पोळ्या करते आणि त्या सगळ्या सारख्या गोल असतात. काय तयार झाले, एवढेच पाहिले तर आई हरली. पण आजारी मुलासाठी मऊ पोळी करणारी, नवऱ्याच्या डब्यात एक जास्त घालणारी आई या शर्यतीत उतरलेलीच नाही. यंत्र दमत नाही, याचे आपण कौतुक करतो. पण जे दमत नाही, ते कोणासाठी कष्टही घेऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, हे प्रवचनात ठीक आहे. कंपनी पगार देते तो पोळ्यांचा देते, प्रेमाचा नाही.’ हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. बाजार पहिली बाजूच मोजतो, कारण त्याला तेवढेच मोजता येते. म्हणून तर सगळे बाजारावर सोपवता येत नाही.

द्राक्षमळ्याचा मालक

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायातला दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. एक मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो. पुन्हा नऊ वाजता जातो, दुपारी जातो, तीन वाजता जातो आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा जातो. तेव्हाही तेथे माणसे उभीच असतात. आपल्याकडच्या नाका कामगारांना पाहिले की हा दाखला समजायला टीका लागत नाही. सकाळी नाक्यावर फावडे, थापी किंवा रंगाचा ब्रश घेऊन माणसे उभी असतात. दहा वाजले की गर्दी ओसरते. जे उरतात त्यांना त्या दिवशी कोणी नेलेले नसते. ते आळशी असतात असे नाही. प्रभूच्या दाखल्यातले लोकही हेच सांगतात, की आम्हांला कोणी बोलावलेच नाही.

या दाखल्यावर बोलताना शेवटच्या मजुरालाही पूर्ण नाणे मिळाले, याकडेच बहुधा आपले लक्ष जाते. एका दिवसाचे नाणे म्हणजे एका कुटुंबाची त्या दिवसाची भाकर. तासभर काम केले म्हणून त्याच्या मुलांची भूक बाराव्या हिश्श्याने कमी होत नाही, हे मालकाला ठाऊक आहे. पण मालकाने आणखी एक गोष्ट केली. त्याने ते नाणे बाजारात जाऊन वाटले नाही. त्याने आधी त्या माणसांना मळ्यात बोलावले. तासभरासाठी त्यांची गरज होती की नाही, कोण जाणे. पण त्यांना बोलावणे आले. आम्हांला वाटते, यंत्रांच्या युगासाठी प्रभूने दिलेले उत्तर या दोन गोष्टींत आहे: नाणेही हवे आणि बोलावणेही हवे.

आज काही जण सुचवतात, की यंत्रांनी काम करावे आणि सरकारने प्रत्येकाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. फिनलंडने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत २००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो देऊन असा प्रयोग केला. त्या लोकांची मनःस्थिती सुधारल्याचे दिसून आले. काम मिळण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. येथे नाणे होते, बोलावणे नव्हते. आपल्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात दुसरी वाट धरली. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम द्यायचे, भीक नव्हे, हे तिचे सूत्र होते. त्यातून तलाव, बांध, रस्ते झाले. तेथे बोलावणे होते. मजुरी मात्र तुटपुंजी असे. दोन्ही प्रयत्नांत चांगुलपणा आहे आणि दोन्ही अर्धे आहेत. द्राक्षमळ्याचा मालक दोन्ही देतो.

वाचलेला वेळ कोणाचा?

१९३० साली अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी भाकीत केले होते, की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल. ती शंभर वर्षे २०३० मध्ये भरतात. यंत्रे केन्सना स्वप्नातही दिसली नसतील इतकी हुशार झाली, पण १५ तासांचा आठवडा काही आला नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने खाजगी आस्थापनांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. नोकरी असलेला रात्री नऊच्या लोकलने लोंबकळत घरी येतो आणि शेजारचा तरुण दिवसभर घरी बसून असतो. यंत्रांनी वाचवलेला वेळ दोघांनाही मिळालेला नाही.

वेळ आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी चिकाटीने दिलेल्या लढ्यानंतर. आज आपण निवांतपणे मिस्साला येतो, हे पत्रक घरी नेऊन वाचतो, यात त्या लढ्याचाही वाटा आहे. शब्बाथाची आज्ञा तर त्याहून कितीतरी जुनी. ती धन्यालाच नव्हे, तर दासदासींना, परक्याला आणि गुराढोरांनाही विसावा देते. यंत्राला विसाव्याची गरज नाही. म्हणून यंत्राच्या वेगाने धावणाऱ्या कार्यालयात विसावा हा सर्वांत आधी विसरला जातो.

आपल्या हाती काय आहे?

सरकारची धोरणे आपण या पत्रकातून ठरवू शकत नाही. पण एका धर्मग्रामाच्या हाती काहीच नाही, असेही नाही.

आपल्यापैकी काही जणांचे वालीव-सातिवलीकडे छोटे कारखाने आहेत, काहींची दुकाने आणि कार्यालये आहेत. नवे यंत्र आणण्याआधी कामगाराला विश्वासात घेता येते. ते यंत्र चालवायला आधी त्यालाच शिकवता येते. तिरुवनंतपुरमला जे जमले ते येथेही जमू शकेल.

तरुणांनी नवे तंत्र न घाबरता शिकावे. त्याचबरोबर रुग्णसेवा, शिक्षण, दुरुस्ती, शेती, वृद्धांची देखभाल ही कामे हलकी मानू नयेत. माणसाला माणूस लागतो अशी ही कामे आहेत.

लहान ख्रिस्ती समूहांनी आपल्या आळीत कोणाची नोकरी गेली आहे, हे जाणून घ्यावे. नोकरी गेलेला माणूस पहिल्यांदा मिस्साला मागच्या बाकावर बसू लागतो आणि मग येईनासा होतो. त्याला केवळ धान्याची पिशवी देऊन भागणार नाही. त्याला हिशेब येत असेल तर हिशेब सांगा, वायरिंग येत असेल तर मुलांना शिकवायला सांगा, आणि त्याच्या कामाचा योग्य मोबदला द्या. आमचे तुमच्यावाचून अडले आहे, हे त्याला कळू द्या. आणि नोकरी जाण्याआधी तो जो होता, तोच आजही आहे, हे घरातल्या माणसांनी त्याला वागण्यातून दाखवावे. लग्नाच्या बोलण्यांत, सणासमारंभात त्याची खुर्ची मागे सरकू देऊ नये.

शेवटी वेदीकडे पाहू या. प्रत्येक मिस्सामध्ये आपण परमेश्वराला गव्हाचे दाणे अर्पण करत नाही, भाकर अर्पण करतो. द्राक्षे नव्हे, द्राक्षारस अर्पण करतो. निसर्गाच्या देणगीवर माणसाचे हात फिरले, की ती अर्पण होण्यास तयार होते. उद्या ते पीठ यंत्राने मळले, पीक यंत्राने काढले, तरी त्यात बिघडणार काही नाही. यंत्राला भाकर बनवता येईल. ती उचलून ‘हे प्रभू, हे तुझ्यासाठी’ असे म्हणणे मात्र त्याला जमणार नाही. ते काम तुमचे-आमचे आहे, नोकरी असलेल्याचे आणि नसलेल्याचेही.

नाक्यावर दिवसभर उभ्या राहिलेल्या सर्वांना प्रभूचे बोलावणे आपल्यामार्फत पोहोचो. कामगार संत योसेफ आपणां सर्वांसाठी विनंती करो.

आपले धर्मगुरू